पत्र्याचं क्लिअर, लाकडाचा दस्ता

डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये तारेला काय काय टांगलेलं असतं. एखादा बंपर, बुलेटची टाकी, आरशांची टोपणं. त्यांच्या रांगेत एअर रायफलचा लाकडी दस्ता लटकलेला दिसला तर पाहणारा थबकतो. पेंटर मात्र थबकत नाही. "मालक, लाकडाला क्लिअर? मारतो की!" असं तो म्हणतो आणि खरोखर मारतो. (क्लिअर म्हणजे गाडीच्या रंगावर मारतात तो पारदर्शक, चकचकीत थर.) हात सफाईचा असतो. दस्ता आरशासारखा होऊन घरी येतो, चार जणांना दाखवून होतो. मग एक पावसाळा जातो आणि बट प्लेटच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीच्या, कडेला रुपयाएवढा पांढरट डाग दिसू लागतो. नख लावलं की कांद्याच्या पातीसारखा पापुद्रा सुटतो. बोल लागतो तो क्लिअरला.

त्यात क्लिअरचा काही दोष नसतो. पत्रा पाणी पीत नाही, लाकूड पितं. पत्रा पावसाळ्यात फुगत नाही की एप्रिलात आकसत नाही. पेंटरचं सगळं शिक्षण पत्र्यावर झालेलं असतं. तो जे मारतो ते बरोबरच मारतो, पण त्याच्या खाली आणि मागे जे व्हायला हवं ते त्याच्या धंद्यात कधी लागतच नाही. दस्ता टिकणार की सोलणार, हे गन हातात घेण्याआधीच ठरलेलं असतं. (रंगाच्या फवाऱ्यालाही आपल्याकडे 'गन'च म्हणतात. या विषयात हा घोळ अटळ आहे. पुढे 'गन' म्हटलं की रंगाची, 'रायफल' म्हटलं की रायफल.)

कायद्याचं एकदाच सांगून टाकतो. ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. इथलं सगळं लिखाण तिच्या दस्त्याबद्दल आहे. परवान्याच्या बंदुकीचं काम परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याकडेच करून घ्यायचं. ती पेंटरच्या शेडमध्ये ठेवून येण्याची वस्तू नव्हे.

लाकडावर असा कडक, काचेसारखा थर द्यायची कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने १९६२ साली मॉडेल ७०० रायफल काढली. तिच्या बीडीएल या वरच्या प्रतीच्या अक्रोडी दस्त्यावर ड्यू पॉन्टचं आरके-डब्ल्यू नावाचं फिनिश होतं. ते मुळात बोलिंगच्या खेळातल्या लाकडी पिनांसाठी बनवलेलं. जड गोळ्याचे दणके खाऊनही ज्याचा टवका उडत नाही, ते बंदुकीवर टिकणारच, असा साधा हिशेब. तो थर आज काढायला बसलेल्या माणसाला तो किती टिकतो ते वेगळं सांगावं लागत नाही. साधे पेंट रिमूव्हर त्याच्यापुढे हात टेकतात.

आपल्या गॅरेजमधलं टू-के क्लिअर याच जातकुळीचं आहे. 'टू-के' म्हणजे दोन डब्यांचं. एकात ॲक्रिलिक रेझिन, दुसऱ्यात आयसोसायनेटचं हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रासायनिक गाठी पडतात आणि नुसतं सुकण्याऐवजी ते पिकतं. म्हणूनच नंतर त्यावर थिनर सांडला तरी ते विरघळत नाही. चपडा (लाखेचं पॉलिश), एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर हे नुसते सुकतात, म्हणून त्यांच्या त्यांच्या द्रावकात पुन्हा विरघळतात. गाडीच्या क्लिअरमध्ये ऊन सोसण्याची द्रव्यं असतात आणि त्याचं हार्डनर पिवळं न पडणाऱ्या जातीचं असतं. फर्निचरच्या स्वस्त पीयूमध्ये (पॉलियुरेथेनमध्ये) बहुधा दुसरी, पिवळी पडणारी जात असते. सोलापूरच्या उन्हात हा फरक लवकर कळतो.

तेलाचं फिनिश वाईट असं कुणी म्हणणार नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून ते चालतं. आपल्या भागातल्या करडईचं तेलही थोड्याफार प्रमाणात सुकतं, रंगाच्या धंद्यात ते वापरलंही जातं. शेंगदाण्याचं तेल मात्र कधीच सुकत नाही. ते चटणीवर घ्यावं, दस्त्याला चोळू नये, वर्षभर हाताला चिकटत राहील. तेलाचा मोठा गुण म्हणजे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी बोटाने चोळून दुरुस्त होतो. क्लिअरचं तसं नाही, ते पुढे येईलच. आणि जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती स्वतःच तापते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पेटायलाही कमी करत नाही. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर सपाट पसरून वाळवा.

आता लाकूड. आधी दस्ता पूर्ण सुटा करायचा. ॲक्शनचे (दस्त्यात बसणाऱ्या लोखंडी यंत्रणेचे) स्क्रू, ट्रिगर गार्ड, पट्ट्याच्या कड्या, बट प्लेट किंवा रबरी पॅड, सगळं बाहेर. कुठला स्क्रू कुठला ते पुठ्ठ्यावर दस्त्याची आकृती काढून तिथेच टोचून ठेवावं. पुढच्या बाजूचे दोन स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीला कधीकधी वेगळे निघतात. जुनं पॉलिश रिमूव्हरने सैल करून खरवडायचं. आपले जुने सुतार फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडतात, ती पद्धत अजूनही फार चांगली. काच लाकडाच्या रेघेच्या दिशेने ओढायची, बोथट झाली की नवा तुकडा. पॉलिश पेपर जुन्या लॅकरने लगेच भरतो आणि कडा गोल करून टाकतो. नेम धरताना गाल टेकतो त्या उंचवट्याची कड, मुठीजवळची धार गेली की दस्त्याचा चेहराच जातो.

दबलेल्या खड्ड्यांना लांबी (पुट्टी) लावायची घाई नको. लाकूड नुसतं दबलेलं असेल, तुटलेलं नसेल, तर ओलं फडकं दुहेरी ठेवून त्यावर तापलेली इस्त्री सेकंद-दोन सेकंद टेकवायची. वाफ दबलेल्या तंतूंना वर उचलते. तीन-चार वेळा केलं की नखाला खड्डा लागत नाही. पाणी फिल्टरचं घ्या. बोअरचं क्षाराचं पाणी शिसवीच्या उघड्या छिद्रांत वाळलं की पांढऱ्या रेघा उरतात आणि क्लिअरखाली त्या आणखी उठून दिसतात. तसंच कोऱ्या लाकडावर स्टील वूल घासू नये. त्याचे कण अक्रोड, सागासारख्या लाकडात अडकतात आणि पुढे ओल लागली की काळे ठिपके उमटतात.

खरी डोकेदुखी मुरलेल्या तेलाची. रायफल वर्षानुवर्षं कोपऱ्यात नळी वर करून उभी असते, आणि ॲक्शनमध्ये सढळ हाताने सोडलेलं तेल हळूहळू खाली झिरपतं. ट्रिगरच्या मागे मुठीत आणि ॲक्शन बसते त्या खाचेच्या मागच्या भिंतीत ते साठतं. तिथलं लाकूड काळपट, जरासं मऊ वाटतं. वरून कितीही घासलं तरी रंग बदलत नाही, कारण तेल आत बोटभर उतरलेलं असतं. यावर जुना आणि खात्रीचा उपाय खडूच्या पुडीचा. व्हायटिंग किंवा साधी चॉक पावडर ॲसिटोनमध्ये श्रीखंडाइतकी दाट कालवायची, काळ्या भागावर तीन-चार मिलिमीटर थापायची आणि दस्ता उन्हात ठेवायचा. आपलं ऊन एरवी कितीही नकोसं असलं तरी या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. लाकूड तापलं की तेल पातळ होऊन पृष्ठभागाकडे येतं आणि पूड ते शोषून घेते. तासाभराने पांढरा लेप पिवळसर, मग तपकिरी होतो. वाळलेला लेप ब्रशने झाडायचा, नवा थापायचा. तीन वेळा, पाच वेळा, लेप शेवटपर्यंत पांढरा राहीपर्यंत. हे काम हीट गनने लवकर उरकण्याचा मोह होईल. ॲसिटोनच्या वाफेजवळ तापलेली वस्तू न्यायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

इथे कंटाळा केला तर शिक्षा ठरलेली आहे. ओलं क्लिअर त्या जागेवरून मागे सरकतं आणि गोल गोल खळगे पडतात, मधे उघडं लाकूड आणि भोवती कड. पेंटर त्याला 'डोळे पडले' म्हणतात. साध्या तेलापेक्षा सिलिकॉनचं तेल वाईट. हल्लीच्या बऱ्याच स्प्रे पॉलिशांत आणि रायफलच्या काही तेलांत ते असतं, त्याचा एक थेंब पुरतो. डोळे पडलेल्या जागी आणखी क्लिअर ओतून ते बुजत नाहीत. सुकू द्यायचं, खाली लाकडापर्यंत घासायचं, पुन्हा साफ करायचं.

मग घासणं. १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात, १८०, २२०, शेवटी ३२०. पेपर रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून, नेहमी रेघेच्या दिशेने. २२० नंतर दस्ता ओल्या फडक्याने पुसायचा आणि वाळवायचा. लव उभी राहिलेली हाताला लागेल, ती ३२० ने हलकेच कापायची. असं दोनदा. ३२० च्या पुढे कोऱ्या लाकडावर जाऊ नये. फार गुळगुळीत केलेल्या लाकडाला वरचा थर नीट धरत नाही. धारदार कडा ३२० च्या एका हलक्या हाताने किंचित मोडाव्या, कारण ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो. पुढे घासताना सगळ्यात आधी तीच उघडी पडते.

रंग बदलायचा असेल तर आत्ता, स्पिरिटमधल्या डायने, हलक्या हाताने. शिसवी असेल तर कशाला बदलायचा?

यानंतर येतं सीलिंग, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणं, आणि दस्त्याचं अर्धं आयुष्य इथेच ठरतं. अक्रोड, साग, शिसवी ही उघड्या छिद्रांची लाकडं. थेट क्लिअर मारलं तर पहिल्या दिवशी पृष्ठभाग सपाट दिसतो, पण महिन्याभरात थर छिद्रांत 'बसतो' आणि तिरप्या उजेडात बारीक बारीक खाचा दिसतात. बीच लाकडाची छिद्रं बारीक, तिथे हा त्रास कमी, पण बीच ओलाव्याने फार हलतं. शिसवीची वेगळी भानगड. तिच्या अंगचे काही नैसर्गिक घटक वरच्या फिनिशला नीट सुकू देत नाहीत. तेलाच्या वॉर्निशला ते फार नडतात, टू-केला कमी, पण मधे आडपडदा असलेला बरा. सागाचंही अंग तेलकट, म्हणून थर द्यायच्या आधी काही मिनिटं ॲसिटोनने पुसून घ्यायचं.

सुतार इथे सवयीने एनसी सँडिंग सीलर पुढे करतो. फर्निचरला ठीक, टू-केखाली नको. टू-केचा थिनर त्या मऊ थराला उकरतो, सुरकुत्या पडतात. आणि उकरलं नाही तरी मऊ गादीवर कडक काच ठेवल्यासारखं होतं, दणका बसला की वरचा थर तडकतो. दोन चांगले मार्ग आहेत. एक, टू-के पीयू सीलर. दुसरा, सावकाश पिकणारं पातळ इपॉक्सी, आणि दस्त्यासाठी हा जास्त भरवशाचा. इपॉक्सी डब्यावरच्या मापानेच मिसळायचं, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने छिद्रांत आडवं-तिरपं दाबून भरायचं आणि वरचं सगळं ओरपून काढायचं. लाकडावर थर उभा करायचा नाही, छिद्रं फक्त बुजवायची. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर मेणचट, तेलकट साय येते. ती आधी कोमट पाण्याने पुसून काढायची, मग २२० आणि ३२० ने लाकूड दिसेपर्यंत घासायचं. साय न पुसता घासलं तर ती पेपरने आत चोळली जाते आणि क्लिअर तिथे धरत नाही. शिसवीला हा प्रकार दोनदा करावा लागतो.

चपड्याचा आडपडदा द्यायचा तर मेण काढलेला चपडा हवा, नाहीतर टू-के त्यावरून सुटतं. स्पिरिटमध्ये भिजवलेला चपडा बाटलीत दोन-तीन दिवस हलवायचा नाही. मेण तळाशी बसतं, वरचा स्वच्छ द्रव तेवढा ओतून घ्यायचा.

वेळेचं एक गणित इथे लागू पडतं, ते पत्र्यावर काम करणाऱ्याला सुचणं शक्यच नाही. लाकडाच्या आत हवा असते. सकाळी नऊला इपॉक्सी लावलं, ऊन चढत गेलं, की आतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात फुगे सोडते. तेच काम संध्याकाळी, दिवसभर तापलेलं लाकूड निवत असताना केलं तर हवा आकसते आणि उलट इपॉक्सीच आत ओढून घेते. म्हणून सीलिंग नेहमी उतरत्या उन्हात.

आणि आतली बाजू! ॲक्शन बसते ती खाच, ट्रिगरची खिडकी, स्क्रूची भोकं, बट प्लेटच्या मागचं आडवं कापलेलं टोक. आडव्या कापावर लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, तिथून ओल सर्रास आत जाते. वरून काचेचा थर आणि मागून उघडं दार अशी स्थिती झाली की पावसाळ्यात पाणी मागून शिरतं, लाकूड फुगतं आणि थराला आतून ढकलतं. सुरुवातीला सांगितलेला तो रुपयाएवढा डाग असाच येतो. बट प्लेटखालच्या टोकाला पातळ इपॉक्सी पीत असेल तोवर पाजायचं, सहसा तीन वेळा. खाचेत मात्र बारीक ब्रशने दोनच पातळ हात, आणि जास्तीचं लगेच पुसून घ्यायचं. तिथे थर वाढला तर ॲक्शन बसणार नाही, किंवा दाबून बसवताना दस्त्याला चीर जाईल. ॲक्शन जिथे टेकते त्या जागांवर फवाऱ्याच्या वेळी मास्किंग टेप हवीच. एवढं करूनही ओल पूर्ण थांबत नाही, तिचा वेग कमी होतो. मात्र लाकूड सगळीकडून सारख्या वेगाने हललं तर थराला ते झेपतं.

मुठीवरची चौकड्यांची नक्षी असेल तर तिची हद्द बघून टेप ब्लेडने कापून झाकावी. नक्षीत क्लिअर साचलं की ती गुळगुळीत बुळबुळीत होते आणि तिचा मूळ उद्देशच संपतो. नंतर तिथे टूथब्रशने थोडं पातळ केलेलं जवसाचं तेल, बस.

फवाऱ्याचा हंगाम सोलापुरात ठरलेला: नोव्हेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आसपास दिवसा तीसच्या आतबाहेर, हवा कोरडी, वारा मवाळ. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना क्लिअर लाकडावर पोचेपर्यंत अर्धं सुकतं. पृष्ठभाग खरखरीत होतो, किंवा वर साय धरून आतला थिनर अडकतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. मारायचंच असेल तर सकाळी लवकर, स्लो थिनर आणि स्लो हार्डनर घेऊन. छिद्रं आधीच बुजलेली असल्याने आता सकाळ चालते. पावसाळी दमट दिवशी नको. हार्डनर हवेतल्या पाण्याशीही संयोग करतं आणि थर धुरकट होतो, फुगे येतात. म्हणूनच हार्डनरचा उघडा राहिलेला डबा, ज्यात गढूळपणा किंवा साखरेसारखे कण दिसतात, तो फेकायचा. पेंटरला ते जिवावर येतं.

आपल्या गावाची खास पीडा म्हणजे तंतू. यंत्रमागांच्या वस्तीत हवेत सुताची लव सतत तरंगत असते, तिच्या जोडीला काळ्या मातीची धूळ. गॅरेजमध्ये पुसायला कारखान्यातली टॉवेलची वेस्ट सहज मिळते. ती हाताला ग्रीस पुसायला उत्तम, दस्त्याला अजिबात नको. नव्या टर्किश टॉवेलने पुसलेल्या दस्त्यावर क्लिअर मारून बघा, पांढरे केस गोठून बसतात. त्याऐवजी शंभरदा धुतलेलं जुनं धोतर किंवा सुती साडीचा तुकडा, आणि शेवटी पेंटच्या दुकानात मिळणारं चिकट टॅक कापड. जमिनीवर पाणी शिंपडायचं, पंखा बंद, कपडे झटकून मगच आत.

माप. बहुतेक क्लिअर दोनास एक या प्रमाणाचं असतं, काही चारास एक. डब्यावर असेल तेच खरं. साधारण ७५-८० सेंटिमीटर लांबीच्या दस्त्याला दोन हातांसाठी ६० मिलि क्लिअर, ३० मिलि हार्डनर, ६ मिलि थिनर एवढं मिश्रण पुरतं. अरुंद वस्तूवर निम्माअधिक फवारा हवेतच जातो, हे त्यात धरलेलं आहे. औषधाच्या सिरिंजने मोजा. अंदाजपंचे चालणार नाही. 'थोडं हार्डनर जास्त टाक, लवकर सुकेल' हा शेडमधला लाडका सल्ला. जास्त हार्डनरने थर ठिसूळ होतो, कमी पडलं तर चिकट आणि मऊ राहतो. उन्हाळ्यात मिसळलेलं मिश्रण डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या निम्म्यात दाट होऊ लागतं, म्हणून थोडं थोडं कालवा.

आता जिवाची गोष्ट. आयसोसायनेटचा फवारा फुप्फुसात गेला की दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे नुसत्या वाऱ्यानेही झटका येतो. त्याला सावध करणारा वास नसतो. नाकावर रुमाल म्हणजे काहीच नाही. कार्ट्रिजचा मास्कही पुरेसा मानत नाहीत, कारण तो कधी संपला ते कळत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या, हे ज्याच्याकडे आहे त्यानेच फवारावं. घराच्या गच्चीवर, बाजूला पोरं पतंग उडवत असताना, हे काम करू नये. म्हणून सोपी वाटणी अशी: लाकडाची सगळी तयारी घरी आणि फवारा नीट बूथ असलेल्या शेडमध्ये. तिथे पेंटर तुमच्यापेक्षा सरस आहे. त्याला फक्त सांगायचं की सीलर मारू नकोस, लांबी लावू नकोस, टेप काढू नकोस.

टांगायला बट प्लेटच्या स्क्रूच्या भोकात हूक अडकवायचा, पुढून एक तार, म्हणजे न शिवता फिरवता येतो. बंपरची मोठी गन नको. ०.८ ते १ मिलिमीटर नोझलची छोटी टच-अप गन, दाब २५-३० पीएसआय, अंतर वीतभराच्या आत. कॉम्प्रेसरचा वॉटर ट्रॅप आधी रिकामा करायचा. पहिला हात नुसता धुईसारखा, ओलसर दिसला की थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी शेजारच्या टेपवर बोट टेकवा. चिकटतं पण तार ओढली जात नाही, अशी अवस्था आली की दुसरा हात पूर्ण ओला. आधी अवघड जागा: ट्रिगरची खिडकी, मुठीची खालची बाजू, गालाच्या कडा. मग लांब सलग पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. ओघळ बहुधा मुठीच्या वळणाखाली येतो, कारण तिथे दोन बाजूंचे पट्टे भेटतात. आलाच तर ओल्यावर बोट लावू नका. सुकल्यावर ब्लेडने सपाट खरवडून घासला की जातो.

एका दिवशी दोन हात, फार तर तीन. दुसऱ्या दिवशी ६०० च्या वॉटर पेपरने ओलं घासून सपाट करायचं. चमकणारे ठिपके उरले म्हणजे तिथे अजून खळगा आहे. पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि उघड्या कडांवर पाणी साचू द्यायचं नाही. सगळीकडे सारखं मंद पांढरं झालं की पुसून, वाळवून आणखी दोन हात. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, थर पुरता दगड व्हायच्या आत, १५०० आणि २००० चा पेपर, मग चमक आणणारं पॉलिशचं कंपाउंड. मशीनचं पॅड कडेवर नेऊ नका, एका सेकंदात लाकूड दिसतं.

पूर्ण चकाकी दस्त्याला शोभते का, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. शिसवीच्या काळ्या रेघा खोल काचेखाली फार देखण्या दिसतात, हे खरं. पण घामट हाताला आरसा निसटतो आणि रेंजवर दुपारच्या उन्हात गालाजवळची चमक डोळ्यात जाते. २००० ऐवजी १५०० वर थांबून करड्या नायलॉन पॅडने रेघेच्या दिशेने चार हात मारले की रेशमी झाक येते. पाहणाऱ्याला ते तेलाचं फिनिश वाटतं. आमच्या मते दस्ता तसाच असावा. मॅट क्लिअर वेगळं मिळतं, पण पुढे ते घासून सुधारता येत नाही. चकाकीचं मारून हाताने मंद करणं जास्त सोयीचं.

दुरुस्तीची गोष्ट राहिली होती. खोल ओरखडा पडला आणि तेवढ्याच जागी नवं क्लिअर मारलं तर जुन्या-नव्याच्या हद्दीवर रिंगण उमटतं. गाडीला दरवाजाची फट असते, तिथे थांबता येतं. दस्त्याला कुठेच फट नाही. मग सगळा दस्ता ८०० ने मंद करून एक हात पूर्ण मारणं, हाच मार्ग.

जोडायची घाई करू नका. सात दिवस दस्ता हूकवरच राहू द्या. स्क्रू आवळताना वॉशरखालचा थर मऊ असेल तर तो दबतो, भोकाभोवती बारीक तडे जातात आणि ओलीला नवी वाट मिळते. स्क्रूच्या भोकांच्या तोंडाशी साचलेलं क्लिअर हाताने फिरवलेल्या ड्रिलच्या टोकाने आधीच कापून घ्या. आणि धूळ लागू नये म्हणून कुणी प्रेमाने तो सोलापुरी चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला, तर चौथ्या दिवशी उघडल्यावर गालाच्या उंचवट्यावर चादरीची वीण जशीच्या तशी उमटलेली असते, मोराच्या पिसाऱ्यासकट. १५०० ने घासून ती निघते, पण कडेजवळ उमटली असेल तर पुन्हा एक हात मारावा लागतो.